काकूचं सव्वादोनचं माप

आमच्या मोठ्या काकूइतकी हट्टी बाई भडगावात झाली नाही आणि होणारही नाही, हे तिच्याबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केलेले काकासुद्धा मान्य करतात, अर्थात ती घरात नसताना. बांगड्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. एकदा मनगट दुखावलं, जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रेसाठी बांगड्या काढायला सांगितल्या, तर नवरा धडधाकट असताना भुंडा हात कुणाला दाखवू, असं सुनावून ती सुजलेला हात घेऊन एसटीने परत आली. बांगड्या भरायच्या त्याही फक्त मनियार चाचांकडून. आपलं माप सव्वादोन, असं ती लग्नापासून सांगते. चाचा "हो अक्का, सव्वादोनच," म्हणत अडीचच्या बांगड्या इतक्या अलगद चढवत, की तिला अजून पत्ता नाही.

गेल्या वर्षी तिच्या मुलीच्या लग्नात चाचा पेटी घेऊन अंगणात आले. 'त्यांच्याकडून काही घेऊ नका,' असे निरोप गावभर मोबाईलवर फिरत होते. मीही वाचून पुढे सरकले होते. काकूचा मुलगा मित्रांबरोबर मांडव घालत होता. तो खाली उतरला आणि म्हणाला, मुसलमानाने आमच्या बायकांचे हात धरायचे नाहीत. चाचांना थट्टा वाटली, ते हसले. त्याने पेटीला लाथ घातली आणि सत्तरीच्या त्या माणसाच्या थोबाडीत मारली. भाचरांना खांद्यावर घेऊन नाचणारा हा माझा भाऊ! अंगणात वीसेक माणसं होती, कोणी हललं नाही.

काकू हिरव्या काचा तुडवत आली. ती ओरडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"तुन्हा हातमा पहिल्या काया बांगड्या यासनीच भऱ्यात," चाचांकडे बोट दाखवत ती मुलाला म्हणाली. "तू बारा दिनना व्हता." दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या बाळाला भरतात, त्या काळ्या बांगड्यांबद्दल ती बोलत होती.

चाचा काचा वेचत म्हणत होते, राहू द्या अक्का, लग्नाचं घर आहे.

दुपारी दुसरा बांगडीवाला बोलावला. काकूने मात्र ओट्यावर बसून हातातल्या होत्या त्याही बांगड्या उतरवल्या. मुलगा पाया पडला, रडला. "त्या येतीन तवय भरसू," एवढंच ती म्हणाली, म्हणजे चाचा येतील तेव्हाच. कन्यादानाला ती भुंड्या हातांनी बसली. बायका कुजबुजल्या. काकांनी सगळ्यांदेखत तिचा हात हातात घेतला.

चाचा आमच्या गल्लीत पुन्हा आले नाहीत. काकूचे हात अजून तसेच आहेत. आणि मी? लग्नघरात तमाशा नको, असं स्वतःला समजावत त्या दुपारी मी दुसऱ्या बांगडीवाल्यापुढे निमूटपणे हात केला होता.