शिशाच्या रानातला मूठभर पाला

आमच्या नाल्याकाठच्या रानाला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. भट्टी बंद पडली, भट्टीवाला निघून गेला आणि शिसं आमच्या मातीत राहिलं. माती तपासणाऱ्यांनी सांगितलं, इथं ज्वारी पेरू नका. आमच्याकडं काळं रान तेवढंच, बाकी सगळं मुरमाड. त्या दिवशी आमचे धनी जेवले नाहीत.

पुढं शेतकी कॉलेजातले एक सर आले. म्हणाले, सूर्यफूल लावा. त्याची मुळं मातीतलं शिसं ओढून घेतात. झाड मुळासकट उपटून, वाळवून, पोत्यात भरून आम्ही नेतो. असं दरवर्षी करत राहायचं.

"मंग ज्वारी येईल?" धन्यांनी विचारलं.

"येईल, पण धीर धरावा लागेल."

"ते धरू. दुसरं काय करून राह्यलो?"

सरांनी बजावलं, यातलं पान, बी, देठ, काही माणसानं खायचं नाही, जनावराला चारा म्हणून घालायचं नाही.

फुलं आली तेव्हा वाटूरच्या रस्त्यानं जाणारे थांबायचे. एकानं विचारलं, "काय दाजी, कुणाच्या लग्नाची फुलं?"

"तुझ्याच. नवरी तेवढी भेटंना."

कोळपताना धनी आमच्या दोन्ही बैलांना मुसकी घट्ट बांधायचे. तिथं चूक नव्हती. चूक घरी यायच्या वाटेवर झाली. आमच्यात रानातून मोकळ्या हातानं येत नाहीत. माणूस दिसला की जनावर आधी त्याच्या हाताकडं बघतं. काही नाही तर बांधावरचं गवत तरी आणायचं. त्या साली बांध वाळून गेले होते. थोरल्या बैलाचे दात झिजलेले, कडबा चावत नव्हता. धन्यांनी त्याला वासरापासून वाढवलेलं. रोज संध्याकाळी ते सूर्यफुलाची कोवळी पानं मुठीत घेऊन यायचे. धाकटा बैल तोंड घालायला गेला की थोरला त्याला शिंगानं लोटायचा.

मी म्हटलं, "अवं, सरांनी काय सांगितलं?"

"चारा घालू नका म्हन्ले. मूठभर पाल्याला कुणी चारा म्हन्तं का? त्यो वाट बघत असतो. मोकळ्या हातानं कसं यावं?"

"मंग दगड आणा."

"दगड तुला आणीन," म्हणाले आणि हसले.

काही दिवसांनी थोरला आधी खाईना झाला. मग कराकरा दात खायला लागला. त्याला दिसेनासं झालं. गोठ्याच्या भिंतीला डोकं लावून उभा राहायचा, ओढला तरी हलायचा नाही. जनावरांचे डॉक्टर आले. खायला काय घातलं, त्यांनी विचारलं. धनी बैलाची पाठ खाजवत राहिले. मी सांगितलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण माझ्याकडं बघून मान हलवली.

बैल मेला. मुरमाड रानात खड्डा करून, मीठ टाकून पुरला.

मला वाटलं, आता फुलं बंद. पण धन्यांनी दुसऱ्याचे बैल आणून पुन्हा पेरली. म्हणाले, "त्यो गेला, आता रान तरी नीट झालं पायजे." काही वर्षं सर पोती न्यायला येत. मातीतलं शिसं कमी होऊन राहिलंय, पण ज्वारीजोगी माती झाली नाही, एवढंच दरवेळी सांगत. मग त्यांची बदली झाली. पोती न्यायला कुणी आलं नाही. ती रानातच पत्र्याखाली रचून ठेवली. रान अजून तसंच आहे. धनी आता नाहीत.

बैल गेला त्या साली धाकटा दावणीला एकटाच होता. धनी आले की मान लांब करून हाताकडं बघायचा. धनी दोन्ही हात पाठीमागं घ्यायचे. पुढं पुढं गोठ्यासमोरून येणंच सोडलं, परसातनं घरात यायचे. मी म्हटलं, "असं लपून किती दिवस येणार? विकून टाका."

विकला. तरी ते परसातनंच येत राहिले.