समोरून न पाहिलेला चेहरा

वच्छलाबाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या गळ्यात शिवणाची टेप अडकवूनच. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर, आणि संध्याकाळी घरी पोरांची ग्रेड परीक्षेची तयारी करून घ्यायचो. मला वाटलं, बाई कोणाची तरी फी विचारायला आल्या असतील. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, मले मानसाचं तोंड काढाले शिकवा."

"कोणाचं तोंड?" मी विचारलं, तर त्या गळ्यातली टेप बोटाला गुंडाळू लागल्या.

बाई इतवारीच्या बाजारात ब्लाऊज शिवायच्या, एवढं मला ठाऊक होतं. नवरा वामनराव गावी, खाप्याला, शेतात साप चावून गेला, तेव्हा मुलगा मधुकर जेमतेम रांगत होता, हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक. आता मधुकरचं लग्न चौऱ्याहत्तरच्या वैशाखात ठरलं होतं. बाप नसला की त्याचा फोटो चौरंगावर ठेवतात, नवरदेव त्याच्या पाया पडतो आणि मगच घराबाहेर निघतो. पण वामनरावांनी जन्मात कधी स्टुडिओची पायरी चढली नव्हती. सगळ्या खाप्यात त्यांचा एक फोटो नव्हता. तेच तोंड बाईंना काढायचं होतं.

"मग पेंटरला सांगा ना!" मी म्हणालो.

सदर भागातल्या एका पेंटरकडे त्या जाऊन आल्या होत्या. नाक कसं होतं, कपाळ केवढं होतं, असं त्यानं विचारलं, आणि बाईंना एक अक्षर सांगता येईना. "सांगता येत नाई मास्तर. पन हातानं जमन," त्या म्हणाल्या.

मला रागच आला. चित्रकला म्हणजे काय पापड लाटणं आहे? पण त्यांच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवलं नाही.

विद्यार्थिनी मोठी अवघड होती. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याइतकी जागा सोडा म्हटलं, तर बाई टेप घेऊन माझाच डोळा मोजायला निघाल्या. मी खेकसलो. पेन्सिल धरायच्या ती कापडावर खडूची रेघ मारावी तशी, एकदा मारली की कायमची. रबर घेऊन खोडायला बसल्या की कागद फाटेपर्यंत. तरी शिकत होत्या. मी म्हणालो, रोज कोणाला तरी समोर बसवून काढत जा. त्यांनी मधुकरला बसवलं. पोरगा कामावरून दमून यायचा आणि आईसमोर मुकाट्यानं बसायचा.

फाल्गुनात त्यांनी काढलेला मधुकर पाहून मी खूश झालो. हनुवटी, भुवया, सगळं जागच्या जागी. बाई मात्र खूश दिसेनात.

"मास्तर, डोळे मिटले का आता मधुकरच दिसते. ते दिसतच नाई. पहिले थोडेसे तरी दिसत होते."

जो चेहरा काढायला बाई आल्या, तोच हळूहळू पुसला जात होता, आणि जितका सराव करावा तितका जास्तच. थांबा म्हणावं तर लग्न तोंडावर आलेलं. काढत राहा म्हणावं तर काय काढणार?

त्यातही त्यांनी अंदाजानं एक चेहरा पुरा केला आणि खाप्याला सासूला, भागीरथाबाईंना, दाखवायला नेला. म्हातारीनं जाड चष्म्यातून पाहिलं आणि कागद परत दिला. "हा तर मधुकर हाय वं. माहा वामन कुठी हाय?"

बस स्टँडवरून बाई घरी न जाता सरळ माझ्याकडे आल्या आणि ओट्यावर बसल्या. रडल्या नाहीत, नुसता पदर पिळत बसल्या. "उद्या मधुकरनं विचारलं, आई, बाबा असेच होते का, तं काय सांगू?"

मी चिडलो. भीती वाटली की मी चिडतोच. "अहो, संसार केलात, पोरगा झाला, नवऱ्याचं तोंड कधी पाहिलं नाहीत?"

"कवा पाहू मास्तर? घरात सासू-सासरे, दीर. डोक्यावर पदर. ते समोर आले का मी खाली पाहो. वावरात जातानी ते पुढं, मी मागं."

"कधीच नाही?"

त्यांनी पिळलेला पदर गुडघ्यावर सरळ केला. "जेवाले बसले का पाहो. मी वाढाले बाजूले बसो. ते खाली मान घालून जेवत. तवा कोनी माह्याकडे पाहत नसे."

"मग तेच काढा."

"पाया पडाच्या फोटोत तोंड समोर पाहिजे ना मास्तर! व्याही हासतीन."

"हसू द्या!" मी म्हणालो खरा, पण माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानंतर बाई आल्या नाहीत. चित्र झालं की नाही, हे विचारायला जायचा मला धीर झाला नाही.

लग्नाच्या दिवशी मी गेलो तेव्हा फ्रेम चौरंगावर होती. खाली घातलेली मान, कान, घासानं फुगलेला गाल, ताटावर गेलेली नजर. रेघा खडबडीत होत्या. एकही खोडलेली नव्हती. मुंडावळ्या बांधलेला मधुकर नुसता पाहत उभा होता. मागून कोणीतरी पाहुणा बोललाच, "हा काय फोटो हाय? याचं तं तोंडच नाई दिसून राहिलं!"

वच्छलाबाईंनी मान वर केली नाही. मला वाटलं, आपण ही फ्रेम उचलावी आणि पळत सुटावं.

भागीरथाबाईंना दोघांनी धरून पुढे आणलं. म्हातारी चौरंगापाशी बसली, चष्मा पुसला, वाकून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. सनईवाल्यांनाही कोणीतरी थांबवलं होतं. मग चित्रावरची नजर न काढताच ती सुनेवर खेकसली.

"वच्छले, पाहून काय राहिली वं? वाढ ना त्याले. ताट रिकामं हाय त्याचं."

वच्छलाबाई आत गेल्या, तव्यावरची पुरणपोळी घेऊन आल्या आणि त्यांनी ती चित्रापुढे वाढली. तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.