बासोचं गाव आणि काकूंचं ग्रीनहाऊस

इकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला शैलाकाकूंच्या बेसमेंटमध्ये आम्ही तिघं भाड्याने राहतो. मी सांगलीकडचा, सम्या पुण्याचा आणि बासो इंडोनेशियाचा. तिघंही पीएचडी करतोय, म्हणजे घरून विचारलं की 'होत आलीय' असं सांगतो. कुठल्याही पॉटलकला, म्हणजे डबा पार्टीला, गेलो की लोक मागे लागतात, बासोचं काहीतरी सांग ना यार. एक सांगून घरी यावं तर दुसरं घडलेलं असतं. आता इतके किस्से साठलेत की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. गावापासूनच करतो.

*

पहिल्याच आठवड्यात गावांचा विषय निघाला. गाव म्हटलं की मला चेव येतो. मी फोनवर मॅप उघडला, आमचा द्राक्षाचा मळा दाखवला आणि झूम करून गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा दाखवली. मग बासोला म्हटलं, आता तुझं दाखव.

त्याने सुलावेसी बेट काढलं आणि झूम करत गेला, करत गेला. शेवटी स्क्रीनवर नुसतं हिरवं उरलं. ना रस्ता, ना नाव. म्हणाला, हे बातूलोतोंग. सगळी भातशेती, लाकडी घरं खांबांवर उभी. वर माणसं राहतात, खाली कोंबड्या आणि मोटरसायकली.

"पण इथे नावच नाहीये," मी म्हणालो.

"कशाला पाहिजे? तिथे सगळ्यांना माहीत आहे," बासो म्हणाला.

आमच्या टाकीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

*

थंडी पडल्यावर माझी आणि सम्याची थर्मोस्टॅटवरून जुंपली. सम्याला घरात मे महिना हवा असतो, मला घाम फुटतो. मी कमी करायचो, तो वाढवायचा.

बासोला हे बघवेना. त्याच्या गावात भाताची पेरणी कधी करायची हे ठरवायला अख्खं गाव एकत्र बसतं म्हणे. म्हातारे बोलतात, पोरं बोलतात, रुसलेले पण बोलतात. सगळ्यांचं पटेपर्यंत कोणी उठायचं नाही आणि पटल्याशिवाय कोणी पेरायचं नाही. त्याने हॉलमध्ये चटई टाकली आणि आम्हा दोघांना बसवलं. मी मनात म्हटलं, बघू या कोण दमतं ते.

सम्याने पुण्याच्या थाटात मुद्दे मांडले. मी सगळे खोडले. बासो मध्ये मांडी घालून नुसता ऐकत होता. असं बराच वेळ चाललं आणि मग सम्याला बाथरूमला जायची वेळ आली.

अडुसष्ट फॅरनहाइटवर एकमत झालं!

*

आता काकूंचा बांबू. म्हणजे बांबू काकूंचा नाही, शेजारच्या माइकचा. त्याने हौसेने कुंपणाला लावला आणि तो जमिनीखालून सरकत सरकत काकूंच्या कोथिंबिरीत उगवला. दर स्प्रिंगला काकू कोंब उपटायच्या आणि माइकच्या नावाने बोटं मोडायच्या. समोर आला की मात्र 'हाय माइक' करून हसायच्या.

बासोने ते कोंब पाहिले आणि त्याचे डोळेच चमकले. सगळे खणून काढले, नीट उकळले, नारळाच्या दुधात शिजवले आणि वाडगाभर काकूंना नेऊन दिले. काकूंनी आधी हुंगून पाहिलं, मग चाखून पाहिलं आणि मग वाडगा पुसून खाल्ला.

"माइकला बोलू नका हं कोणी," त्या म्हणाल्या, "त्याला वाटेल मला बांबू आवडतोय."

*

घर शिफ्ट करायचा किस्सा बासोने काकूंच्या डायनिंग टेबलवर सांगितला. त्यांच्याकडे कोणाला जागा बदलायची असेल तर घर बदलत नाहीत, तेच घर उचलून नेतात. खांबांना खालून बांबू बांधायचे, सगळं गाव खांद्याला खांदा लावतं, एक जण ओरडतो आणि घर चालायला लागतं.

"फेकू नकोस," सम्या म्हणाला.

बासो शपथेवर म्हणाला की तो चौथीत असताना त्यांचंच घर नेलं होतं, नदीपासून लांब. त्याची आई तर खाली उतरलीच नाही. माझं घर आहे, मी कशाला उतरू, म्हणाली आणि बसली आतच. गावकऱ्यांनी तिच्यासकट नेलं.

"काहीतरीच बाई!" काकू म्हणाल्या. "पडली असती म्हणजे?"

आम्हीही हसलो. खरं सांगायचं तर एका शब्दावर विश्वास बसला नव्हता.

*

आणि मग गेल्या सप्टेंबरात ते ग्रीनहाऊसचं झालं.

काकूंच्या बॅकयार्डमध्ये एक ग्रीनहाऊस आहे. लाकडी फ्रेम, खाली फळ्यांचीच जमीन आणि दुधी रंगाचे प्लॅस्टिकचे पत्रे. काकांनी, म्हणजे काकूंच्या मिस्टरांनी, ते स्वतः बांधलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते राहिले नाहीत. इथल्या हिवाळ्यात कढीपत्ता, अळू, मोगरा सगळं त्यात जगतं. काकू रोज सकाळी चहा घेऊन तिथेच बसतात.

माइकने नवीन कुंपणासाठी जागा मोजून घेतली, तर ग्रीनहाऊस निम्मं त्याच्या हद्दीत! टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, महिनाअखेरची मुदत दिली. हलवा नाहीतर पाडा. मूव्हर्स येऊन बघून गेले. ट्रक मागे येत नाही आणि सुटं केलं तर परत जुळणार नाही, म्हणाले. पाडा आणि नवीन किट घ्या.

"पाडा म्हणायला यांचं काय जातंय?" काकू म्हणाल्या. "यांनी एकेक स्क्रू हाताने पिळलाय त्यात." काकूंच्या तोंडी काका 'यांनी' आणि मूव्हर्सही 'यांचं', पण हसायची कोणाची छाती झाली नाही. काकूंनी कुंड्या घरात आणायला घेतल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

बासोने बॅकयार्डमध्ये चटई टाकली.

माइकलाही बोलावलं. बिचारा मांडी घालता येत नाही म्हणून पाय पसरून बसला. तोही वाईट नाही हो, त्याचंही म्हणणं होतं की मला पाडायचं नाहीये, पण कुंपणवाला येतोय. काकूंच्या किचनच्या खिडकीखाली जागा आहे, पण न्यायचं कसं? बासो म्हणाला, उचलून. आम्ही वर आभाळाकडे बघायला लागलो. मग तो माइककडे वळला आणि म्हणाला, बांबू लागतील, चांगले जाड.

माइक म्हणाला, "किती हवेत?"

*

शनिवारी सकाळी आमचं इथल्या मराठी मंडळींचं अख्खं ढोल पथक आलं. गणपती नुकतेच झाले होते, खांदे तयार होते. माइकने बांबू तोडून दिले आणि स्वतः एका कोपऱ्याला लागला. बासोने बांबू फ्रेमखाली आडवे-उभे असे घट्ट बांधले की मूव्हर्सनी बघायला हवं होतं. फोन कुंपणावर टेकवून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती, तरी निम्मं बातूलोतोंग बासोच्या आईमागे दाटीवाटीने बसलेलं. सगळे ओरडून सूचना देत होते.

काकू दिसत नव्हत्या. आत पोहे करत असतील असं आम्हाला वाटलं. बरंच झालं, म्हटलं, त्यांना बघवलं नसतं.

बासो त्याच्या भाषेत ओरडला, पथक मोरया म्हणालं आणि ग्रीनहाऊस उठलं! शप्पथ सांगतो, जमिनीवरून उठलं आणि चालायला लागलं. माझ्या अंगावर काटा आला. फक्त सम्या कुरकुरत होता की त्याचा कोपरा फार जड आहे. त्याला जिमला जायचा सल्ला चारी बाजूंनी मिळाला.

किचनच्या खिडकीखाली आणलं, हळूच टेकवलं. एक पत्रासुद्धा तडकला नाही. पथकाने नाच सुरू केला. माइक सम्याला मिठी मारून उड्या मारत होता. फोनमध्ये अख्खं गाव टाळ्या पिटत होतं.

तेवढ्यात ग्रीनहाऊसचं दार आतून उघडलं.

हातात चहाचा कप घेऊन काकू बाहेर आल्या, सम्याच्या कोपऱ्यातून. पथकाचा नाच जागीच थांबला.

फोनमधून बासोची आई काहीतरी म्हणाली. बासो ट्रान्सलेट करायला पुढे झाला, पण काकूंनी त्याला हातानेच थांबवलं. फोनकडे बघून मराठीतच म्हणाल्या,

"हो ना! आपलं घर, आपण कशाला उतरायचं?"