दगाआबा आणि दगडावरचा सहावा माणूस

दगाआबांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या एका ओरडण्याने झाली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. लिंबांना झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि मी चावडीपुढच्या सरकारी दगडावर चढून आंबा चोखत बसलो होतो.

"उतर तठेन, गधडा! त्या दगडखाले माणूस दाबेल शे!"

मी उडीच मारली. वाकून खाली पाहिलंही. मुंगळे होते. आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातली कोय काढून फेकली आणि मला पोरांच्या रांगेत बसवलं. त्या दिवशी मी दुपारभर तहानलेला बसलो. का, ते पुढे सांगतो.

आबांना यंदा साठ वर्षं पूर्ण होतात, असं गौरव समितीने ठरवलं आहे. जन्माची नोंद कुठेच नाही. संवत छपन्नच्या दुष्काळात आबा ढोरं वळण्याइतके मोठे होते, एवढाच पुरावा. समितीने मला दोन पानं लिहायला सांगितली. मी मराठी चौथी अर्ध्यात सोडलेला माणूस, तरी लिहिली. चिटणीस गुरुजींनी ती परत पाठवली. समासात तांबड्या शाईने लिहिलं होतं, "शौर्याचे प्रसंग यावेत. सालदाराचा मजकूर गाळावा." मंडळी, हा लेख मी दुसऱ्यांदा लिहितो आहे आणि सालदाराचाच मजकूर लिहितो आहे. गुरुजींचा मी मान ठेवतो, त्यांनी मला बाराखडी शिकवली. पण आबांच्या आयुष्यातून हा मजकूर काढला तर मागे शाल आणि नारळ उरतो.

ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोरीटच्या पुढे तापीच्या अंगाला काळ्या मातीत आमचं गाव आहे. मागचं, म्हणजे पहिलं महायुद्ध संपल्यावर सरकारने चावडीपुढे कमरेएवढा दगड उभा केला. त्यावर कोरलं आहे, "या गावातून पाच जण महायुद्धास गेले. सर्व सुखरूप परत आले." गावाला याचा फार अभिमान. गावदेवीनेच सगळ्यांना परत आणलं, असं म्हातारी माणसं सांगतात.

त्या पाचांपैकी आज दोघे उरले आहेत, आबा आणि रहीमचाचा पिंजारी. दर आखाजीला हे दोघे त्या दगडापुढे बसतात आणि पोरांना बसऱ्याकडची लढाई सांगतात. आखाजीला आपण मेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतो. आबा आपल्या वडिलांची घागर घरात भरतात आणि आणखी एक नवी घागर आणून दगडापुढे ठेवतात. गोष्ट संपेपर्यंत त्यातलं पाणी कोणी प्यायचं नाही, घरी पळायचं नाही, अशी त्यांची शिस्त. वैशाखातलं ऊन, समोर गार पाण्याची घागर, आणि आबा वाळवंटातली तहान सांगताहेत! पोरं घागरीकडे बघत गोष्ट ऐकतात. मी पुष्कळ गावं फिरलो, सुरतेत मोठमोठे बोलके लोक ऐकले, पण लढाई अशी घशात उतरवणारा माणूस पाहिला नाही.

मध्येच रहीमचाचा आबांना टोकतात. "झूट मत बोल दगा. तू रोया था, पहले ही दिन."

"तू बी रडना व्हता, रहीम."

"मैं तो धूल से रोया!"

मग दोघेही हसतात आणि पोरं पाणी विसरतात.

आबा लढाईत होते म्हटलं की लोक बंदूक समजतात. आबा खच्चरांच्या तांड्यावर होते. एका माणसाकडे तीन खच्चरं. पाण्याचा नियम असा की आधी खच्चर पिणार, उरलं तर माणूस. खच्चर ही काय चीज आहे, हे आबांकडून ऐकावं. घोड्याची उंची, गाढवाची अक्कल आणि सावकाराची आठवण, असं ते म्हणतात. आजही गावात बैलाच्या खांद्याला गाठ आली, गाय अडली, की लोक आबांकडे धावतात. आबा जेवणावरून उठून जातात. त्यांनी त्यासाठी कधी कोणाचा गूळसुद्धा घेतला नाही. पण गावाने या माणसाला काय दिलं? पोरांना 'खच्चरआबा' म्हणायला शिकवलं!

हल्लीच्या युद्धात भरती चालू होती तेव्हा गावात मोटार आली. ग्रामोफोन वाजवला, पोरं जमवली. भरतीच्या जमादाराने आबांना बिल्ला लावून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "आबासाहेब, मुलांना दोन शब्द सांगा. मर्दुमकी सांगा." मी पहिल्या रांगेत होतो. मला बूट पाहिजे होते आणि फुकटात दर्या बघायचा होता.

आबा उभे राहिले. "पोरेस्वन, मी तोफ चालाडी नही. मी खच्चरं हाकलं. लढाईमा माणूस पहिले पाणीबिगर मरस, मंग तापवरी मरस. गोळी लागाले नशीब लागस. या गावना आम्ही सहा गयथूत. पाच उनूत."

एक पोरगा ओरडला, "आबा, दगडवर ते पाचच लिखेल शे!"

"दगड खोटा शे. आनि तो मी खोटा करेल शे."

जमादार लाल झाला. त्याने बिल्ला लावलेल्या त्याच माणसाला पोरांसमोर म्हटलं, "बसा आता, वय झालं तुमचं." आबा बसले. खुर्चीवर नाही, आमच्यात, जमिनीवर. त्या दिवशी मी नाव दिलं नाही. आबांनी मला जा किंवा जाऊ नको असं काहीच म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त खरं सांगितलं होतं.

आता तो सहावा. त्याचं नाव वेस्ता. भिलाटीतला. आबांच्या घरी सालदार होता, आखाजी ते आखाजी. आबा भरतीसाठी नंदुरबारला निघाले तेव्हा तो त्यांचं बोचकं घेऊन स्टेशनापर्यंत पोचवायला गेला. भरतीवाल्याने त्याचे खांदे पाहिले आणि त्यालाही घेतलं. बिचकलेल्या खच्चराच्या कानात तो आपल्या भिली बोलीत काहीतरी सांगायचा आणि खच्चर शहाण्यासारखं चालायला लागायचं. आबांनी कितीदा विचारलं, काय सांगतोस? "आबा, ते आमनं आमनं शे," एवढंच म्हणायचा. एका वाटचालीत आबांच्या वाट्याचं पाणी सांडलं. वेस्ताने आपलं अर्धं त्यांच्या तोंडाला लावलं. पुढे वेस्ताला ताप भरला. आजाऱ्यांच्या बोटीवर त्याला चढवलं. आबांना खच्चरं सोडून बोटीवर जाता येईना. ते काठावरून हात हलवत राहिले. बसऱ्याला पोचण्याआधीच तो गेला. कुठे पुरला, आबांना आजही माहीत नाही.

युद्ध संपल्यावर कारकून गावात आला. दगडावर कोरायचं होतं. त्याने आबांना विचारलं, "गावातून किती जण गेले?" आबांनी बोटं मोजली. आपलं घर एक, रहीमचं घर एक, आणखी तीन घरं. पाच उंबरे, पाच बोटं. वेस्ता आबांच्या घरात धरला गेला, बैलजोडी आणि गाडी धरली जाते तसा. आणि पाचही उंबऱ्यांची माणसं परत आलेली होती. कारकुनाने लिहिलं, सर्व सुखरूप.

मला याचा संताप येतो. आबांचा नाही. आबांनी ही चूक कोणी पकडली म्हणून कबूल केली नाही. कोणी पकडलीच नव्हती. कोणाला खटकलंच नाही! सारा गाव तो दगड वाचत होता आणि साऱ्या गावाचा हिशेब बरोबर येत होता, कारण सारा गाव तसाच मोजतो. मीही मोजत होतो.

याहून वाईट गोष्ट आबा स्वतः दर आखाजीला सांगतात, म्हणून मी लिहितो. वेस्ताची फौजी कांबळ आबांनी सोबत आणली होती. पहिल्या हिवाळ्यात ती त्यांनी आजारी बैलावर टाकली. वेस्ताची बहीण सायकीबाई शेण काढायला गोठ्यात आली. कांबळीच्या कोपऱ्यावरचा टाका तिने पाहिला. तो टाका वेस्ताने फौजेत स्वतःच घातला असणार, घरी गोधडीला घालायचा तसा. तिने तो ओळखला.

"हाई कांबळ कोनी शे, आबा?"

सायकीबाईंनी बैलावरची कांबळ उचलली, झटकली, खांद्यावर टाकली आणि त्या निघून गेल्या. आबा म्हणतात, लढाईत मला जखम झाली नाही, ती गोठ्यात झाली. दुसऱ्याच आखाजीला त्यांनी दगडापुढे पहिली घागर ठेवली. गोष्ट संपली की त्यातलं पहिलं पाणी ते स्वतःच्या हाताने सायकीबाईंना देतात. काही घरांनी यावरून त्यांच्याकडे वर्षभर पाणी टाळलं. आबांनी घागर थांबवली नाही.

सायकीबाई पाणी घेतात, पण आबांना सोडत नाहीत. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आबा, दरसाल तुम्ही रडतस, आम्ही पाणी पेतस. मन्हा भाऊनं नाव कव्हय लिखतस?"

आबा म्हणाले, "तू बोलस ते खरं शे, बाई."

त्याच वर्षी आबांनी मला बोलावलं. पाथरवटाशी बोलणं झालं होतं. नंदुरबारला जाऊन त्याला घेऊन यायचं, एवढं माझं काम. सकाळी निघालो. कोरीटला कुस्त्या लागल्या होत्या, तिथे थांबलो. एका गाडीवानाने विसरवाडीपर्यंत चल म्हटलं, गेलो. तिथून नवापूर, तिथून सुरत. पाच महिन्यांनी परत आलो. दरम्यान पाथरवट दुसऱ्या मुलखात निघून गेला होता आणि पाटलांनी फर्मावलं होतं, सरकारी दगडाला हात लावायचा नाही. पाथरवट यायचा होता त्या दिवशी सायकीबाई नवं लुगडं नेसून संध्याकाळपर्यंत दगडाजवळ बसल्या होत्या, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. आबांनी मला एकच विचारलं, "सुरत कसं शे?" दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि असल्या माणसासाठी आबांनी काय करावं? पुढच्या साली मी नवापूरच्या लाकडाच्या वखारीत तापाने पडलो. सोबतचे गाडीवान मला सागाच्या ओंडक्यांजवळ टाकून निघून गेले. निरोप कसा पोचला माहीत नाही, पण आबा गाडीने आले. कळण्याची भाकर, ठेचा, आणि पाण्याचा तांब्या. दोन दिवस, दोन रात्री माझ्या उशाशी बसले. मी म्हटलं, आबा, जा तुम्ही. तर म्हणाले, "तापमा माणूस एकला नको. ऊठ लवकर, मन्हा बैल उपाशी शेतस." बैलांना चारा घालायला घरी त्यांचे दोन मुलगे होते.

आता समितीचं ऐका. चावडीच्या भिंतीत संगमरवराची नवी पाटी बसवायची ठरली आहे. 'वीर दगाजी आबा', मोठ्या अक्षरांत. आबा म्हणाले, "पहिले त्या दगडना सहा करा. तवलगून मी पाटवर बसाव नही." पाटलांनी समजूत काढली, "आबा, देवीनी सगळा परत आनात असं गाव म्हनस. तिले खोटी पाडतस का?"

"देवीले खरं ठावं शे. तिले कोनी इचारंच नही."

मग आबांनी पाटलांना लिहून दिलं. मोजणी मी चुकवली, दगड मी दुरुस्त करवतो, सरकारला धरायचं असेल तर मला धरावं. खाली अंगठा नाही, सही आहे. फौजेत शिकलेली, वाकडी, पण सही. साठाव्या वर्षी तुरुंगाला तयार असलेला हा माणूस, आणि आमची समिती त्याच्या शौर्याचे प्रसंग शोधत फिरते आहे!

तर मंडळी, या खेपेस पाथरवट मी आणला आहे. नंदुरबारहून कोरीटपर्यंत त्याचा हात सोडला नाही. कुस्त्या होत्या, पाहिल्या नाहीत. हे लिहितो आहे तेव्हा तो माझ्यासमोर तिसरी भाकर खातो आहे, आणि त्याची हत्यारांची पिशवी माझ्या मांडीखाली आहे. आखाजीला सकाळी दगडावर 'सहा' होईल, खाली वेस्ताचं नाव येईल, आणि 'सर्व सुखरूप परत आले' हे शब्द जातील. सायकीबाईंना सांगून आलो आहे. त्या म्हणाल्या, "कोरेल दखसू, मंग लुगडं नेससू." बरोबर आहे त्यांचं. हा मजकूर समितीने पुन्हा गाळला तर मी तो घागरीशेजारी उभा राहून वाचीन, आणि वाचून होईपर्यंत कोणाला पाणी पिऊ देणार नाही.

आबा, गावदेवी तुमचे गुडघे शाबूत ठेवो, आवाज असाच खणखणीत ठेवो आणि तुम्हाला टोकायला रहीमचाचांनाही ठेवो. तुम्ही दर आखाजीला त्या दगडापुढे बसावं आणि नव्या पोरांना तो मोठ्याने वाचायला लावावा. इतकी वर्षं जगावं, इतक्या वेळा सांगावं, की आज जन्मलेली पोरं म्हातारी होऊन तुमच्यावर कंटाळून ओरडावीत, "आबा, ठावं शे आमले! सहा!"