मामंजींचं पेट

आमचे मामंजी कूळ विचारल्याशिवाय शब्दालासुद्धा घरात घेत नसत. बेळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवून ते सदलग्याला परतले होते, पण मास्तरकी काही सुटली नव्हती. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "सून बघायला गेलतो, तर ह्यांनी पोरीला सैपाक येतोय का इचारलं न्हाय. 'टेबल' कुठनं आलं ते इचारलं." मी तेव्हा "सुताराकडनं" म्हणाले होते. मामंजी तिथंच पसंत म्हणाले.

पेरणीआधी आमच्या रानात खतासाठी धनगराची मेंढरं बसायची. त्या वर्षी एक मेंढी पिल्लू टाकून मेली. धनगर ते पिल्लू माझ्या पदरात घालून म्हणाला, "आक्का, पुढच्या खेपेला न्हेतो. तवर जगवा." मी घरात नवी, बोलायला कोणी नाही. दुधात चिंधी बुडवून मी त्याला पाजू लागले आणि माझा दिवस कुठल्या कुठं जाऊ लागला.

मामंजी बघतच राहिले. "सूनबाई, हे खरं पेट. आमच्या पुस्तकात पेट म्हंजे पाळीव प्राणी लिवत्यात. मग म्हस पाळीव न्हाय व्हय? स्कॉटलंडातले मेंढपाळ हातानं पाजलेल्या कोकराला पेट म्हणायचे. लाडावलेल्या पोरालाबी. कुत्री-मांजरं लई मागनं त्यात शिरली."

"आणि त्याच्या आधी तो शब्द कुठनं आला?"

"ते कुणालाच ठाव न्हाय. त्या शब्दालाबी आईबाप न्हाईत."

आमचं घर जैनांचं. दिवस मावळला की चूल बंद. कोकरू मात्र दिवेलागणीला हमखास ओरडायचं आणि सासूबाई दूध तापवू देईनात. मामंजी स्वतः कडक नेमाचे, पण एकदा उठले आणि फुंकणी घेऊन चुलीपुढं बसले. "नेम आपला. त्यानं कुठं घेतलाय?" जन्मात चूल न पेटवलेला माणूस, घरभर धूर केला.

वर्षानं धनगर आला. मी तोंड फिरवून बसले, जेवले नाही. मामंजी दारातनं म्हणाले, "रुसव्यालाबी इंग्रज पेटच म्हणत्यात."

"म्हणू द्यात. मी देणार न्हाय."

"दुसऱ्याची ठेव हाय, पोरी. आणि मेंढरू हाय ते, कळपातच जगायचं. आपल्यामागनं एकटं कुठं जाईल?" मी उठले आणि कोकराला दारात आणलं.

पण कोकरू कळपात जाईना. मेंढरं दिसली की थरथर कापायचं आणि मामंजींच्या धोतरात तोंड खुपसायचं. धनगर हसून म्हणाला, "मास्तर, ह्याला आपण माणूस हाय असं वाटतंय." मग मामंजी रोज दुपारी रानात जाऊन मेंढरांच्या मधोमध बसू लागले. मांडीवर पुस्तक, शेजारी कोकरू. गाव हसलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. कोकरापासून रोज जरा जास्त लांब बसायचे.

एके दिवशी ते लवकर परतले. धोतराला लेंड्यांचे डाग, अंगाला लोकरीचा वास. सोप्यात भिंतीला टेकून म्हणाले, "सूनबाई, आज हाक मारली तरी आलं न्हाय. चरत राहिलं. पास झालं."

"लई बरं झालं," मी म्हणाले. मग आम्ही सासरा-सून तिथंच बसून पोटभर रडलो.