आम्ही नापास केलेली मूळ संख्या

गुणाकार करणारा बोर्ड तापला की अधूनमधून एखादा अंक चुकवतो, हे सुधीरने मला सांगितलं तेव्हा आमचं मशीन, म्हणजे नवा मोठा कॉम्प्युटर, गिऱ्हाइकाकडे रवाना व्हायच्या बेतात होतं. सुधीर नागपूरचा, हार्डवेअरमध्ये. मी प्रोग्रामर. अमेरिकेत क्युपर्टिनोजवळच्या एका कंपनीत, १९८०च्या दशकात.

नवं मशीन विकण्याआधी त्याला घाम फोडायला आम्ही त्याच्यावर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायचो. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही. आम्ही एकाच घाटाच्या संख्या तपासायचो: दोनाला दोनाने गुणत राहायचं आणि शेवटी एक वजा करायचा. अशा संख्यांसाठी एक परीक्षा आहे. चारापासून सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा, जी तपासायची त्या संख्येने भागा, बाकी ठेवा. पुन्हा तेच, हजारो वेळा. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या पास.

त्या शून्यावर आमचा ग्रुप टिकून होता. जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली तर कंपनीची जाहिरात, नाहीतर ग्रुप बंद. माझं ग्रीन कार्ड त्याच नोकरीला लटकलेलं.

आमचा बॉस वॉल्टर. त्याचा नियम असा, की शून्य आलं तर पुन्हा चालवून खात्री करायची, नाही आलं तर पुढचा आकडा घ्यायचा. मी एकदा हटकलं होतं. "नॉट झीरो इज नॉट झीरो, वैशाली," तो म्हणाला.

मेख इथेच होती. मध्ये एक अंक चुकला की पुढचं सगळं मुसळ केरात. पण शेवटी येते ती अगडबंब बाकी, आणि खरोखर नापास झालेल्या संख्येची बाकीही तशीच दिसते. चूक चुकीसारखी दिसतच नाही.

मी वॉल्टरकडे गेले. म्हटलं, पुन्हा चालवायला हवं.

"कुठले आकडे?"

"सगळेच. बोर्ड कधी बिघडला ते कुणालाच माहीत नाही."

तो म्हणाला, बोर्ड बदललाय, शुक्रवारी मशीन जातंय, सॉरी.

मशीन गेलं. ग्रुपही गेला. मला ट्रॉय नावाच्या दुसऱ्या एका शहरात नोकरी मिळाली, पण ग्रीन कार्डची रांग पुन्हा शेपटापासून. नवरा म्हणाला, होईल. मला तसं वाटेना.

पुढे दुसऱ्याच एका टीमने नवी मूळ संख्या जाहीर केली. सुधीरचा फोन आला. त्याने घातांक वाचून दाखवला, म्हणजे दोन कितीदा घ्यायचा तो आकडा.

"यार, हा आपण केला होता ना?"

केला होता. मीच चालवला होता, मला पाठ होता. शून्य आलं नाही म्हणून सोडून दिला होता. मी फोन ठेवला आणि ऑफिसातच रडले. कुणावर चिडायचं तेही कळेना.

त्यानंतर अनेक कंपन्यांत काम केलं. सगळीकडे तोच नियम दिसला. चांगली बातमी लोक दोनदा तपासून घेतात. वाईट बातमी मात्र कुणी पुन्हा चालवून बघत नाही.