दोन ग्लास उसाचा रस

केमो घेतली की पहिले पाच-सहा दिवस मी माणसात नसायचे. तोंडात लोखंड धरल्यासारखी चव, जिभेवर फोड, आणि फोडणीचा वास आला की बादली जवळ ओढायची. त्या दिवसांत मी सुनेवर काय काय ओरडले ते लिहायला बसले तर वही पुरायची नाही. मुळात माझा स्वभावच तिखट. चौथीच्या पोरांना आयुष्यभर शिकवलं, त्यामुळं आवाज चढवल्याशिवाय समोरच्याला ऐकू जातं यावर माझा विश्वासच नाही.

दहाव्या दिवशी जरा बरं वाटायला लागायचं, आणि खरी गोम तिथंच होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन केमोंच्या मधे आरामाचे जे दिवस असतात त्यात तुम्हाला बरं वाटेल, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेव्हाच सगळ्यात खाली गेलेल्या असतात. पाणी उकळून प्यायचं, कच्चं काही नाही, बाहेरचं तर अजिबात नाही. ताप आला की तसंच निघून यायचं. पदरात तान्हं बाळ असून सुनेनं हे सगळं पाठ केलं. माझं पाणी वेगळ्या पातेल्यात, घड्याळाकडं बघत उकळायची. माझी ताट-वाटी कढत पाण्यातून काढायची. स्वतःचे हात इतक्यांदा धुवायची की बोटांना भेगा पडल्या. मी त्यावरही बोलले असेन काहीतरी.

तिसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस होता. एप्रिल महिना, ऊन नुकतंच उतरलेलं. डोक्याला रुमाल बांधला आणि "कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करून येते" असं सांगून निघाले. गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रसवंती आहे. चरकाचे घुंगरू वाजले आणि काय सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं! दोन महिन्यांत पहिल्यांदाच. लिंबू, आलं, वरून बर्फ. पहिला ग्लास उभ्या उभ्या संपवला. फोडांना इतकं गार वाटलं की दुसरा बाकड्यावर बसून, चवीनं प्यायले. शाळेत पोरांच्या हातातले बर्फाचे गोळे हिसकावून फेकणारी बाई ती मीच. घरात शिरायच्या आधी पदरानं तोंड पुसून घेतलं.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. दवाखान्यात ठेवून घेतलं, सलाईन लागलं, आणि चौथी केमो पुढं ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं होतं का?" मुलगा आणि सून खाटेपाशीच उभे होते.

"छे छे," मी म्हणाले, "सगळं घरचंच."

"मग घरातल्या पाण्याचं बघा," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडं गेले.

मुलानं बायकोकडं पाहिलं, ते मला दिसलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एवढ्या वयाची बाई उसाच्या रसाला भुलली हे पोटच्या पोराला कोणत्या तोंडानं सांगू? एवढंच. याहून मोठं काही कारण नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

पोरगा माझ्यावरच गेलाय. त्यानं तिथूनच मुकुंदवाडीला सासूला फोन लावला. "तुमच्या पोरीला साधं पाणी उकळता येत नाही. माझ्या आईचा जीव जायची वेळ आली." मी पडल्या पडल्या ऐकलं. तो औषधं आणायला गेल्यावर सून माझ्या उशाशी येऊन हळूच म्हणाली, "आत्या, त्या दिवशी बाळ लई रडत होतं. मी गॅस लवकर बंद केला असंल का?" आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

मी म्हणाले, "असेल."

घरी आल्यावर चार दिवसांनी विहीणबाई आल्या. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं येणारी बाई नव्हे ती. एरवी हातात डबा असायचाच. त्या दिवशी काहीच नव्हतं. घरून काही आणायची भीती वाटली असणार बिचारीला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठीच असेल. दारातच चप्पल काढली, आत आली आणि सरळ वाकून माझ्या पायाला हात लावला. "ताई, लेकराचं चुकलं. म्या शिकवण्यात कमी पडले. पोटात घाला."

मुलीच्या आईनं वरमाईपुढं नमतं घ्यायचं, ही आपली रीत. मला ती मोडता आली असती. पाय मागं घेता आले असते. मी काय केलं? मोठ्या मनाच्या बाईसारखी म्हणाले, "जाऊ द्या विहीणबाई, लहान आहे अजून, शिकेल." वर सुनेला चहा टाकायला सांगितला. विहीणबाईंनी डोळे पुसत तो प्यायला आणि दोनदा म्हणाल्या, तुमच्यासारखी सासू मिळाली हे नशीब.

त्या गेल्या आणि मला स्वतःचीच किळस आली. केमोची मळमळ परवडली. संध्याकाळी जेवायला बसलो, माझ्यापुढं मऊ भात होता, तो बाजूला सारला. शेवटी बोलूनच टाकलं. "मी रस प्यायले होते. कोपऱ्यावरचा. दोन ग्लास, बर्फ घालून. पाण्याचं काही नव्हतं."

मुलगा चक्क हसला. "काय गं आई! लहान पोरासारखं. आधी सांगायचं ना!" त्याच्यापुरता विषय संपला. त्यानं भाजी वाढून घेतली.

सून हसली नाही. ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे.

"रस प्यायलात त्याचं काय नाय, आत्या," ती म्हणाली. "पण आज माझी आई तुमच्या पाया पडली. तुम्ही पडू दिलं."